चाकांवरचे बिऱ्हाड : अमेरिकेतील मोटारघर आणि भाडेमुक्त निवासाचा प्रश्न

१

निवासाचा इतिहास लिहिणाऱ्याची दृष्टी स्वभावतःच प्रथम पायाकडे जाते. जोते, भिंत व उंबरठा यांच्या अवशेषांवरून वस्तीचा काळ ठरविता येतो. खरेदीखते, करआकारणीची पुस्तके आणि भाडेचिठ्ठ्या यांवरून तेथे राहणाऱ्यांची सांपत्तिक स्थिती अजमाविता येते. परंतु ज्या घराला पायाच नाही, जे आज एका ठिकाणी तर उद्या दुसऱ्या ठिकाणी उभे असते, ते या साधनांच्या जाळ्यातून सहज निसटते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही मराठीतील म्हण अशा घरासंबंधी बोलताना थोडी गंमत आणि थोडी उपेक्षा दोन्ही दाखविते. विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र पाठीवरच्या बिऱ्हाडाचा एक मोठा उद्योग निर्माण झाला, त्याच्याभोवती कायदे रचले गेले आणि लक्षावधी माणसांनी काही काळ अथवा कायमचा त्याचा आश्रय घेतला. या बिऱ्हाडाचे पूर्ण विकसित रूप म्हणजे मोटारघर. इंजिन, चालकाचे आसन, शय्या, स्वयंपाकाचा ओटा व शौचकूप ही सर्व ज्यात एकाच सांगाड्यावर बसविलेली असतात, असे ते वाहन होय.

मोटारघरात कायम राहणाऱ्यांना त्याचे मुख्य आकर्षण वाटते ते भाडे द्यावे लागत नाही या गोष्टीचे. या आकर्षणाची परीक्षा करावयाची तर भाडे ही कशाची किंमत असते, हे आधी पाहणे अवश्य आहे. भाडेकरू दरमहा जी रक्कम मोजतो, तिच्यात वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टींचे मोल एकत्र आलेले असते. पहिली गोष्ट जमीन, म्हणजे विशिष्ट ठिकाणी असण्याचा अधिकार. दुसरी, ऊनपावसापासून रक्षण करणारे छप्पर. आणि तिसरी, त्या छपराला पाणी, वीज व मलनिःसारण यांच्या सार्वजनिक जाळ्याशी जोडणारे नळ आणि तारा. मोटारघर घेणारा मनुष्य छप्पर एकदाच विकत घेतो. नळ व तारा यांची जागा टाक्या, बॅटऱ्या आणि स्वतःचे श्रम यांनी भरून काढतो. जमीन मात्र त्याला विकतही घेता येत नाही आणि निर्माणही करता येत नाही. ती कोणाकडून तरी उसनी घ्यावी लागते. मोटारघराच्या शतकभराच्या इतिहासात तिसरा प्रश्न तंत्राने बहुतांशी सोडविला, पहिला मात्र जागच्या जागी राहिला. एवढेच नव्हे, तर तिसऱ्या प्रश्नाची सोडवणूकच पहिल्या प्रश्नाच्या संदर्भात या रहिवाशांच्या विरुद्ध कशी गेली, हे दाखविणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२

१९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील मोटार प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने 'टूरिंग लँडो' नावाची गाडी मांडली. तिचे मागील आसन उलगडून त्याची शय्या होत असे आणि चालकाच्या आसनामागे हात धुण्याचे भांडे बसविलेले होते. ती अर्थातच पगारी चालक ठेवणाऱ्या श्रीमंतांची गाडी होती. रस्त्यावरील निवास सामान्यांच्या आवाक्यात आणला तो फोर्डच्या 'मॉडेल टी' या गाडीने. १९०८ साली बाजारात आलेल्या या गाडीच्या साध्या प्रकाराची किंमत १९२५ च्या सुमारास ३०० डॉलरच्याही खाली आली होती. १९१६ च्या कायद्याने संघराज्य सरकार घटक राज्यांना रस्त्यांसाठी अर्थसाहाय्य देऊ लागले आणि दूरचा प्रवास हळूहळू शक्य कोटीतील झाला.

१९१९ साली फ्लोरिडातील टँपा येथे 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही प्रवाशांची संघटना स्थापन झाली. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर डकविलेला पत्र्याचा डबा हे या मंडळींचे ओळखचिन्ह होते. डबाबंद अन्न, तंबू आणि गाडीच्या बाजूला बांधलेल्या फळ्या यांवर त्यांचा प्रपंच चाले. त्यांचे स्वागत करण्यात अनेक गावांनी प्रथम अहमहमिका दाखविली. गावाच्या कडेला मोकळी जागा, पाण्याचा नळ, जळाऊ लाकूड आणि शौचालये अशी सोय असलेले नगरपालिकांचे मोफत तळ देशभर उभे राहिले. डेन्व्हर येथील 'ओव्हरलँड पार्क' हा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होता. यात गावांचे औदार्य होते, तसाच हिशेबही होता. मोटार बाळगणारा मनुष्य सधन असणार आणि तो गावच्या दुकानांत पैसे खर्च करणार, अशी व्यापाऱ्यांची अपेक्षा होती.

जुन्या मोटारी स्वस्त झाल्या तसा हा हिशेब चुकू लागला. कामाच्या शोधात भटकणारी कुटुंबे, पिकांच्या हंगामामागून जाणारे मजूर आणि एकाच तळावर महिनोन्‌महिने राहणारे लोक या मोफत तळांवर दिसू लागले. तेव्हा १९२३-२४ पासून नगरपालिकांनी नोंदणी, मुक्कामाची कालमर्यादा आणि शुल्क ही तीन बंधने घातली. शुल्क बहुधा रात्रीला ५० सेंट असे. त्यातून मिळणारे उत्पन्न फारसे मोठे नव्हते. या शुल्काचा हेतू तिजोरी भरण्यापेक्षा माणसे निवडण्याचा होता. चाकांवरच्या निवासाच्या इतिहासात भाड्याचा प्रथम प्रवेश झाला तो अशा रीतीने. जागेची टंचाई हे त्याचे कारण नव्हते. प्रवासी आणि निराश्रित यांच्यामध्ये रेषा ओढण्याची गरज गावांना भासली, आणि पैसा ही ती रेषा ओढण्याची सर्वांत सोयीची खडू ठरली.

३

यानंतरची तीस वर्षे ट्रेलरची, म्हणजे मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या घराची होत. डेट्रॉइट येथील आर्थर शर्मन या जंतुशास्त्रज्ञाने १९२९ साली कुटुंबासाठी लाकडी भिंतींचा ट्रेलर तयार केला आणि १९३० च्या आरंभी तो तेथील मोटार प्रदर्शनात ठेवला. 'कव्हर्ड वॅगन' या नावाचा त्याचा कारखाना काही वर्षांतच त्या उद्योगात अग्रेसर बनला. १९३६ साली वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा, स्वतःचा पाणीसाठा आणि विजेचे दिवे असलेला 'क्लिपर' १,२०० डॉलरला विक्रीस आणला. महामंदीच्या त्या काळात वीस वर्षांच्या आत अर्धी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल, असे भाकीत रॉजर बॅबसन या अर्थविषयक भाष्यकाराने केले. भाकीत खोटे ठरले. परंतु ते गंभीरपणे घेतले गेले, यातच त्या काळची मनःस्थिती दिसते.

स्थिर नागरिकांचे आक्षेप तीन होते. ट्रेलरवासी घरपट्टी भरत नाहीत, तथापि त्यांची मुले गावच्या शाळेत जातात. त्यांच्या सांडपाण्याची व मैल्याची व्यवस्था नसते. आणि त्यांच्यामुळे शेजारच्या मालमत्तेची किंमत उतरते. यांपैकी दुसरा आक्षेप साधार होता. त्या काळातील बहुतेक ट्रेलरांत शौचकूप नसे आणि मोरीचे पाणी गाडीखाली ठेवलेल्या बादलीत पडे. या स्थितीवरचा उपाय म्हणून 'ट्रेलर पार्क' ही संस्था विकसित झाली. एका जागेत आखलेले चौक, मध्यभागी सामायिक स्नानगृहे व शौचालये, आणि प्रत्येक चौकाजवळ विजेची जोडणी, असे तिचे स्वरूप होते. दुसऱ्या महायुद्धात संघराज्य सरकारनेच युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील कामगारांसाठी हजारो ट्रेलर विकत घेऊन अशा वसाहती वसविल्या. युद्धानंतरच्या घरटंचाईत अनेक विद्यापीठांनी परत आलेल्या सैनिक-विद्यार्थ्यांची कुटुंबे ट्रेलरमध्ये ठेवली.

याच काळात ट्रेलरचे स्वरूप बदलले. हमरस्त्यावर ओढता यावा म्हणून त्याची रुंदी आठ फुटांपर्यंत मर्यादित असे. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास दहा फूट रुंदीचे ट्रेलर निघाले. ते हलविण्यास विशेष परवाना व अवजड वाहन लागे. म्हणून ते एकदा जागेवर आले की सहसा तेथेच राहत. चाके नाममात्र उरली. नळ, गटार आणि वीज यांच्या जोडण्या कायमच्या झाल्या आणि त्यांबरोबर जागेचे मासिक भाडेही कायमचे झाले. १९७६ पासून या घरांना संघराज्याची स्वतंत्र बांधकाम-मानके लागू झाली आणि १९८० साली कायद्याच्या भाषेतील त्यांचे 'मोबाइल होम' हे नावही बदलून 'कारखान्यात तयार झालेले घर' अशा अर्थाचे नाव आले. ज्याचे घर स्वतःचे परंतु जमीन दुसऱ्याची, असा एक नवा भाडेकरू येथे जन्मास आला. जागामालकाने भाडे वाढविले तर घर उचलून नेण्याचा खर्च त्याला पेलत नाही. तात्पर्य, ट्रेलर ज्या क्षणी सार्वजनिक जाळ्याशी जोडला गेला त्याच क्षणी त्याला घराची प्रतिष्ठा मिळू लागली, आणि त्याच क्षणी भाडेमुक्ती संपली.

४

मोटारघराने उलट मार्ग स्वीकारला. मिशिगनमधील ब्राउन सिटी येथील रे फ्रँक यांनी १९५८ साली कुटुंबाच्या प्रवासासाठी असे वाहन बांधले आणि १९६१ पासून डॉजच्या सांगाड्यावर त्याचे उत्पादन सुरू केले; 'मोटर होम' हे नाव रूढ होण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. आयोवातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबेगो कंपनीने १९६६ पासून जुळणी-साखळीच्या पद्धतीने मोटारघरे तयार करून त्यांच्या किमती खाली आणल्या. या वाहनाचा गाभा स्वयंपूर्णता हा होता. जोडणीवाचून काही दिवस राहता यावे, या एका अपेक्षेतून त्यातील प्रत्येक उपकरण घडले. त्या उपकरणांचे अर्थशास्त्र समजून घेतल्याखेरीज भाडेमुक्त निवासाचा खरा खर्च कळत नाही.

प्रथम पाण्याचा विचार करू जाता, अमेरिकेतील नळजोडणी असलेल्या घरात दरडोई दररोज सुमारे ३०० लिटर पाणी वापरले जाते. मध्यम मोटारघराची टाकी १५० लिटरची धरली आणि दोन माणसांनी ती दहा दिवस पुरवावयाची ठरविली, तर प्रत्येकाच्या वाट्यास दिवसाला साडेसात लिटर पाणी येते. पिणे, स्वयंपाक, भांडी, तोंड धुणे व अंग पुसणे हे सर्व त्यात बसवावयाचे असते. टाकी मोठी करण्याचा उपाय सोपा वाटतो. पण एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असल्यामुळे प्रत्येक वाढीव लिटर सांगाडा, टायर व इंधन यांवर भार टाकतो. म्हणून भांडी धुण्यापूर्वी कागदाने पुसणे, अंग भिजवून नळ बंद करणे आणि साबण लावल्यावरच तो पुन्हा उघडणे अशा सवयी या निवासात नियमांचे रूप घेतात.

आलेले पाणी बाहेरही जावे लागते. त्यासाठी दोन निराळ्या टाक्या असतात. एक मोरी व स्नानाच्या सांडपाण्याची, दुसरी मैल्याची. मैल्याच्या टाकीची झडप भरेपर्यंत बंद ठेवावी लागते. ती उघडी राहिली तर द्रव वाहून जातो आणि घन भाग तळाशी साचून घट्ट बसतो. रिकामी करताना प्रथम मैल्याची टाकी आणि नंतर सांडपाण्याची, हा क्रम पाळला जातो, कारण सांडपाण्याने नळी धुऊन निघते. हे विसर्जन नेमलेल्या केंद्रावरच करणे कायद्याने आवश्यक असते. गाडीत पाण्याची टाकी कितीही मोठी असली, तरी ज्या टाकीत सर्वांत आधी जागा संपते तिच्यावरून मुक्कामाची लांबी ठरते.

विजेचा हिशेब याहून काटेकोर आहे. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीत १,२०० वॉट-तास ऊर्जा साठते. परंतु बॅटरीचे आयुष्य राखावयाचे तर तिच्यातील सुमारे अर्धीच, म्हणजे ६०० वॉट-तास, वापरणे हिताचे असते. १८ वॉटचे दोन जुने दिवे पाच तास लावले की त्यांतील १८० वॉट-तास खर्ची पडतात. तेवढाच प्रकाश देणाऱ्या, तीन वॉटच्या एलईडी दिव्यांना ३० वॉट-तास पुरतात. पूर्वी घट भरण्यासाठी इंजिन अथवा जनित्र चालवावे लागे. सौर पॅनेल आणि एलईडी स्वस्त झाल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली, आणि लिथियम बॅटऱ्यांमुळे साठ्याचा अधिक मोठा भाग वापरता येऊ लागला. तथापि उष्णतेचा प्रश्न उरतोच. गॅसवर चालणाऱ्या भट्टीची उष्ण हवा खेळविणारा पंखा सुमारे ८५ वॉट घेतो. थंडीच्या रात्री तो सहा तास चालला तर ५०० वॉट-तासांहून अधिक ऊर्जा खर्च होते. परिणामी सिलिंडर गॅसने भरलेला असूनही, बॅटरी संपल्यामुळे घर पहाटे गार पडते. एक सोय दुसऱ्या सोयीवर कशी अवलंबून असते, याचे भान स्थिर घरातील मनुष्याला क्वचितच येते.

अन्न थंड ठेवण्याची सोय एका जुन्या स्वीडिश शोधामुळे झाली. १९२२ साली स्टॉकहोम येथे बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी यांत्रिक पंपावाचून, केवळ उष्णतेच्या साहाय्याने अमोनियाचे चक्र चालविणारा शीतक शोधून काढला. पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने तो प्रचारात आणला. गॅसच्या लहानशा ज्योतीवर तो चालतो. मात्र त्यातील द्रव गुरुत्वाने वाहत असल्यामुळे गाडी बऱ्यापैकी समपातळीत उभी असावी लागते. ज्याला फुकट जागा हवी त्याला ती सपाटही शोधावी लागते, हा या शोधाचा एक अनपेक्षित परिणाम. इंधन म्हणून प्रोपेन निवडला गेला, कारण तो उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत वायुरूप होऊ शकतो. ब्यूटेन गोठणबिंदूच्या आसपासच निरुपयोगी ठरतो. बंद जागेत ज्योत जाळल्याने बाष्प साचते आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका संभवतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही खिडकीची फट उघडी ठेवणे भाग पडते.

या सर्व मर्यादांवरचा सर्वांत प्रभावी उपाय यंत्रात नसून चाकांत आहे. हवामान सोसण्यापेक्षा ते बदलणे स्वस्त पडते. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट हे वाळवंटी गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २७० मीटर उंचीवर आहे, तर त्याच राज्यातील फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मीटर उंचीवर. दर हजार मीटरला साडेसहा अंश हे सर्वसाधारण प्रमाण धरले तर दोन ठिकाणच्या तपमानात सुमारे बारा अंशांचे अंतर पडते. हिवाळा खाली आणि उन्हाळा वर काढणारे मोटारघरवासी प्रत्यक्षात तीच युक्ती योजतात, जी पावसाळ्यात देशावरील कमी पावसाच्या मुलखात आणि पुढे कोकणात कळप नेणाऱ्या धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या योजिली आहे. फरक इतकाच की धनगराच्या मार्गावर त्याच्या पूर्वजांचे आणि तेथील शेतकऱ्यांचे जुने करार असतात. मोटारघरवाशाला प्रत्येक मुक्कामी नव्याने परका व्हावे लागते.

५

जमिनीचा प्रश्न येथून पुढे येतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकारी जमिनीचा विस्तार प्रचंड आहे. एकट्या भूव्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. या जमिनीवर सामान्यतः २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवस विनामूल्य मुक्काम करता येतो आणि नंतर हलावे लागते. ॲरिझोना व कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात हिवाळी मुक्काम करणाऱ्यांची संख्या वाढल्यावर १९८३ साली या विभागाने दीर्घ मुक्कामाची राखीव क्षेत्रे सुरू केली. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या संपूर्ण हंगामाचे शुल्क अनेक वर्षे १८० डॉलर होते. क्वार्ट्झसाइटजवळील ला पोसा क्षेत्रात त्याबद्दल पाणी भरण्याची व टाक्या रिकाम्या करण्याचीही सोय मिळे. एवढ्या अल्प शुल्कात सात महिने राहता येत असले, तरी ते भाडेच होय. आणि १९२४ च्या ५० सेंटांशी त्याचे नाते उघड आहे.

पूर्णतः भाडेमुक्त वस्तीचे उदाहरण म्हणून कॅलिफोर्नियातील नायलंड गावाजवळची स्लॅब सिटी नेहमी सांगितली जाते. १९४२ साली तेथे मरीन सैन्याची 'कँप डनलप' ही छावणी उभारली गेली. युद्धानंतर ती बंद झाली, १९५६ पर्यंत इमारती उतरविल्या गेल्या आणि मागे काँक्रीटचे चौथरे तेवढे उरले. त्या चौथऱ्यांवर पुढे गाड्या येऊन थांबल्या. तेथे नळ नाही, गटार नाही, विजेची तार नाही, भाडेही नाही. इतिहासकाराच्या दृष्टीने येथे एक विलक्षण उलटापालट झालेली दिसते. घर गेले आणि पाया मागे राहिला. मग पाया नसलेली घरे त्या पायावर येऊन बसली.

१९७३ च्या तेलसंकटाने या उद्योगास जबर धक्का दिला, पण भाडेमुक्त निवासाची ओढ त्यामुळे थांबली नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर तिचे स्वरूप मात्र अधिक करुण झाले. घर अथवा बचत गमावलेली, निवृत्तिवेतनावर भाडे भागवू न शकणारी वृद्ध माणसे मोठ्या संख्येने वाहनांत राहू लागली. गोदामांतील हंगामी काम, बीटची काढणी, सरकारी तळांची देखभाल अशा कामांमागे त्यांचे वार्षिक भ्रमण चालले. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ च्या 'नोमॅडलँड' या ग्रंथामुळे आणि त्यावरील २०२० च्या चित्रपटामुळे या जीवनाकडे जगाचे लक्ष वेधले. शहरांतील स्थिती याहून बिकट आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहनकायद्यानुसार नगरपालिकांना ७२ तास न हललेली गाडी ओढून नेण्याचा नियम करता येतो. आणि जुनी गाडी बंद पडणे व घर जाणे यांत मग अंतर उरत नाही. शेजारच्या रहिवाशांची तक्रारही सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. विसर्जनकेंद्र दूर असले आणि गाडी चालत नसली की टाक्यांतील पाणी रस्त्याच्या गटारात जाते. १९३६ चा आक्षेप येथे पुन्हा उभा राहतो. फक्त त्याचे कारण आता शौचकूपाचा अभाव नसून, शौचकूपाची टाकी रिकामी करण्याच्या जागेचा अभाव हे आहे.

६

अशा निवासास कायदा घर मानतो की वाहन, हा प्रश्न अखेर न्यायालयांपुढे आला. 'कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी' या खटल्यात मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असा निर्णय दिला की, सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या मोटारघराची झडती घेण्यास, सबळ कारण असल्यास, वॉरंटची आवश्यकता नाही. घराला राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीने जे संरक्षण दिले आहे ते चटकन हलू शकणाऱ्या वाहनास त्याच प्रमाणात मिळत नाही, ही त्यामागील भूमिका होती. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्नमत नोंदविले. या निकालपत्रातील एक तळटीप विशेष अभ्यसनीय आहे. एखादे मोटारघर निवास म्हणूनच वापरले जात असल्यास काय, हा प्रश्न खुला ठेवून न्यायालयाने त्यासाठी काही कसोट्या सुचविल्या. ते ठोकळ्यांवर उचलून ठेवलेले आहे काय, त्याचा वाहनपरवाना आहे काय, आणि ते पाणी, वीज आदी सेवांशी जोडलेले आहे काय, या त्यांपैकी होत.

येथे या इतिहासातील मुख्य विसंगती स्पष्ट होते. स्वच्छतेचा आक्षेप दूर करण्यासाठी मोटारघर स्वयंपूर्ण झाले. स्वयंपूर्ण झाल्यामुळे त्याला जोडणीची गरज उरली नाही. आणि जोडणी नसणे हेच ते घर नसल्याचे एक लक्षण ठरले. करकायद्याची व्याख्या नेमकी याच्या उलट आहे. झोपणे, स्वयंपाक आणि शौच यांची सोय असलेले वाहन वा नाव हे कर्जावरील व्याजाच्या सवलतीसाठी घर म्हणून मान्य होते. हौशी मालकाचे दुसरे घर म्हणून जे मोटारघर करसवलतीस पात्र आहे, तेच निर्धनाचे एकमेव घर म्हणून झडतीच्या वेळी वाहन ठरू शकते. पत्त्याचीही हीच कथा. कायम फिरणाऱ्यांना परवाना, विमा व मतदान यांसाठी कागदोपत्री पत्ता लागतो. त्यासाठी टपाल स्वीकारणाऱ्या संस्थांचा पत्ता घेऊन दक्षिण डाकोटासारख्या राज्यात नाममात्र रहिवासी होण्याची प्रथा पडली. चालक-परवान्यासाठी तेथे एका रात्रीच्या मुक्कामाची पावतीही पुरेशी मानली गेली.

पुढील निर्णयांत न्यायालयांची दोलायमान स्थिती दिसते. वाहनात राहण्यास मनाई करणारा लॉस एंजलिसचा नियम २०१४ साली संघीय अपील न्यायालयाने संदिग्धतेच्या कारणावरून रद्द ठरविला. २०२१ साली वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सिॲटलमधील एका कामगाराच्या बाबतीत, ज्या ट्रकमध्ये तो राहत होता तो त्याचे निवासस्थान म्हणून राज्याच्या निवाससंरक्षण कायद्याखाली येतो आणि तो ओढून नेल्याबद्दलची आकारणी त्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी आहे, असे मान्य केले. उलटपक्षी, जून २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगॉनमधील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात, सार्वजनिक जागी मुक्काम करण्याबद्दल नगरपालिकांनी शिक्षा करणे घटनाविरोधी नाही, असा निर्णय दिला.

मुंबईच्या इतिहासाशी या प्रश्नाचे साम्य लक्षणीय आहे. 'कार्नी' निर्णयानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १९८५ मध्ये, सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या 'ओल्गा टेलिस' खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कातच अंतर्भूत आहे, असे त्याने मानले. तथापि उचित कार्यपद्धती अवलंबून पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. अमेरिकन न्यायालयाने विचार केला तो गाडी घर आहे काय याचा. भारतीय न्यायालयाने विचार केला तो माणूस तेथे का राहतो याचा. दोन्ही ठिकाणी जमिनीवरचा हक्क मात्र सिद्ध झाला नाही. फिरत्या माणसाविषयीचा कायद्याचा संशयही दोन्हीकडे जुनाच. हिंदुस्थानात १८७१ च्या आणि नंतरच्या १९११ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. तो कलंक कायद्यातून जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. स्थिर पत्ता हीच सचोटीची खूण, हे गृहीत दोन्ही परंपरांत तळाशी आढळते.

७

वरील विवेचनावरून भाडेमुक्त निवासाचा हिशेब असा मांडता येतो. मोटारघरात भाडे नाहीसे होत नाही, ते निरनिराळ्या रूपांत विभागले जाते. त्याचा एक भाग पाणी आणण्याच्या, टाक्या रिकाम्या करण्याच्या व विजेचा हिशेब ठेवण्याच्या दैनंदिन श्रमांत जातो. दुसरा भाग इंधन आणि दुरुस्ती यांत जातो. तिसरा भाग, जो सर्वांत जड असतो, अनिश्चिततेच्या रूपाने द्यावा लागतो. आज जेथे गाडी उभी आहे तेथे उद्या ती उभी करता येईल याची शाश्वती नसते. ज्यांनी हे जीवन स्वेच्छेने पत्करले त्यांना पहिले दोन भाग ओझे वाटत नाहीत. मोजके पाणी व मोजकी वीज यांत समाधानाने राहण्याची त्यांची शिस्त अनुकरणीयच आहे. परंतु ज्यांना परिस्थितीने या गाडीत आणून बसविले, त्यांच्यावर तिसऱ्या भागाचा सर्व भार पडतो.

तंत्राने घराला नळापासून व तारेपासून मुक्त केले, हे यश लहान नव्हे. ते जमिनीपासून घराला मुक्त करू शकले नाही, कारण जमीन हा तंत्राचा विषय नसून माणसामाणसांतील संबंधांचा विषय आहे. १९२४ साली मोफत तळाच्या दारावर लागलेली ५० सेंटांची पाटी आणि १०० वर्षांनंतरचा ग्रँट्स पासचा निकाल यांच्यामध्ये गाड्या पार बदलल्या, टाक्या व बॅटऱ्या सुधारल्या, दिवे सहापट काटकसरी झाले. एका रात्रीच्या मुक्कामाची जागा कोणी कोणास द्यावयाची, या प्रश्नापाशी मात्र तो इतिहास अद्याप थांबलेला आहे.